विश्लेषण : शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडची ‘सेवापुस्तिका’ काय सांगते? आणि काय सांगत नाही?

न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेहाउंड शर्यती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यासाठी जुलै २०२६ अखेरची मुदत ठरवण्यात आली. घोषणा झाली तेव्हा सुमारे २,९०० श्वानांसाठी घरे शोधावी लागतील, असा अंदाज होता. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतही शर्यतीतून बाहेर पडणाऱ्या श्वानांचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. या देशांत हजारो कुटुंबे असे निवृत्त ग्रेहाउंड दत्तक घेतात. घरी येणारे हे जनावर पिल्लू नसते. त्याने दोन-तीन वर्षे ‘नोकरी’ केलेली असते आणि त्या नोकरीची नोंद सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत उपलब्ध असते. दत्तक घेणाऱ्याला या नोंदीचा उपयोग काय, आणि ती कुठे अपुरी पडते?

कानातील गोंदण कशासाठी?

शर्यतीसाठी जन्मलेल्या ग्रेहाउंडच्या कानाच्या आतल्या बाजूस लहानपणीच गोंदण केले जाते. आयर्लंडमध्ये नोंद झालेल्या श्वानाच्या सर्वसाधारणपणे दोन्ही कानांत, तर इंग्लंडमध्ये नोंद झालेल्याच्या एका कानात इंग्रजी अक्षरे गोंदलेली आढळतात. अमेरिकेची पद्धत वेगळी आहे. तिथे डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक असतो, तर उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा अंक आणि पिल्लाचे अक्षर. उजव्या कानात ‘५९सी’ असेल तर त्याचा अर्थ असा, की मे महिन्यातला जन्म, वर्षाचा शेवटचा अंक ९ आणि वेतात गोंदलेले तिसरे पिल्लू. आता याच्या जोडीला मायक्रोचिपही असते.

शर्यतीत एका श्वानाऐवजी दुसरा पळवून सट्टेबाजांची फसवणूक होऊ नये, हा गोंदणाचा मूळ हेतू. दत्तक घेणाऱ्यांसाठी मात्र तीच श्वानाच्या पूर्वायुष्याची किल्ली ठरते. गोंदणावरून नोंदणीकृत नाव सापडते. त्या नावावरून आई-वडील, भावंडे आणि पळालेली प्रत्येक शर्यत सापडते. ब्रिटनमधील शर्यतींची नियामक संस्था ‘ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटन’च्या संकेतस्थळावर नाव टाकले की निकाल दिसतात. ‘ग्रेहाउंड डेटा’ या आंतरराष्ट्रीय संग्रहात वंशावळही मिळते. इंग्लंडमधील ग्रेहाउंडची वंशनोंदवही १८८२ पासूनची, तर आयर्लंडमधील १९२३ पासूनची आहे.

श्वानाला बहुधा दोन नावे असतात. रेसकार्डवरचे नाव लांबलचक असते आणि त्यात अनेकदा पैदासकाराची किंवा गावाची खूण असते. उदाहरणार्थ, ‘बॅलीमॅक’ने सुरू होणारी नावे आयर्लंडच्या केरी परगण्यातील बॅलीमॅकेलिगट या गावाकडे बोट दाखवतात. श्वानगृहात हाक मारायचे नाव वेगळे आणि छोटे असते. श्वान ओळखतो ते दुसरे नाव. त्यामुळे कौतुकाने शर्यतीच्या नावाने हाक मारणाऱ्या नव्या मालकाला प्रतिसाद मिळाला नाही, तर त्यात नवल नसते.

शर्यत नेमकी कशी होते?

ग्रेहाउंड हा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणारा श्वान. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट अशी त्याची ठेवण असते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील कारवान किंवा मुधोळ हाउंड पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. ससा दिसला की धावायचे, या त्याच्या स्वभावावरच हा खेळ उभा आहे.

ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे यांत्रिक सशामागे श्वान पळवण्याचा ट्रॅक सुरू केला. जिवंत सशाची जागा रुळावरून पळणाऱ्या बाहुल्याने घेतली आणि लंबगोल मैदानात प्रेक्षकांना बसता येऊ लागले. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे ब्रिटनमधील पहिली अशी शर्यत झाली. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी जाता येणारा आणि थोडक्या पैशांत सट्टा लावता येणारा हा खेळ कामगार वस्त्यांत झपाट्याने पसरला.

ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा श्वान असतात. प्रत्येक ट्रॅपचा म्हणजे सुरुवातीच्या पिंजऱ्याचा रंग ठरलेला आहे. पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा पांढरा, चौथा काळा, पाचवा नारिंगी आणि सहावा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. अमेरिकेत आठ श्वान पळत. यांत्रिक ससा पुढून गेला की दारे उघडतात. श्वान वाळूच्या ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे वळत धावतात. ४८० मीटरची शर्यत तीस सेकंदांच्या आसपास संपते. सर्वांच्या तोंडाला मुसके असते. ते एकमेकांना चावू नयेत म्हणून आणि अटीतटीच्या निकालात छायाचित्रात नाकाचे टोक नीट दिसावे म्हणून. पुढे घराबाहेर फिरताना निवृत्त ग्रेहाउंडला मुसके दिसले की लोक त्याला हिंस्र समजतात. पण त्याच्यासाठी ती रोजच्या कामाची सवयीची वस्तू असते.

कारकीर्द किती वर्षांची?

ब्रिटनमध्ये पंधरा महिने पूर्ण झाल्यावर श्वान शर्यतीत उतरू शकतो. त्याआधी चाचणी धावा होतात. त्यांतील वेळेवरून ट्रॅकचा श्रेणी अधिकारी त्याला श्रेणी देतो. ए-१ ही वरची श्रेणी, आकडा वाढेल तसा दर्जा खाली. कमी अंतरासाठी, लांब पल्ल्यासाठी आणि अडथळ्यांच्या शर्यतींसाठी वेगळी अक्षरे असतात. जिंकणारा वर चढतो, सतत मागे पडणारा खाली येतो. एका शर्यतीतले श्वान साधारण सारख्या वेगाचे असावेत आणि निकालाचा अंदाज सहज येऊ नये, यासाठी ही रचना आहे. अखेर हा उद्योग सट्ट्याच्या पैशावर चालतो.

खालच्या श्रेणीतही जागा उरली नाही, दुखापत झाली किंवा वय झाले की कारकीर्द संपते. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान येते. ग्रेहाउंड साधारण बारा वर्षे जगतो. म्हणजे निवृत्तीच्या वेळी अर्ध्याहून अधिक आयुष्य शिल्लक असते.

काही श्वान त्याहून फार आधी बाहेर पडतात. सशामागे धावण्यात त्यांना रसच नसतो. काही धावता धावता शेजारच्या श्वानाकडे मान वळवतात, त्याच्याशी खेळू पाहतात. नियमांच्या भाषेत हा ‘अडथळा आणण्याचा’ गुन्हा आहे. तो पुन्हा घडला तर कारकीर्दच संपू शकते. अशा श्वानाची नोंद जेमतेम चार-पाच ओळींची आणि बदनामीची दिसते. पण शर्यतीत नापास करणारा पाठलागातील निरुत्साह मांजर असलेल्या घरात उपयोगी पडू शकतो.

नोंदीतील एक ओळ कशी वाचतात?

समजा, एका श्वानाच्या नोंदीत अशी ओळ आहे : अंतर ४८० मीटर. ट्रॅप ६. पहिला टप्पा ४.६२ सेकंद. वळणांवरील स्थान ५-५-४-२. निकाल दुसरा, पाऊण लांबीने मागे. शेरा : ‘स्लो अवे, वाइड, क्राउडेड, रॅन ऑन’. विजेत्याची वेळ २९.८१ सेकंद. वजन ३१.४ किलो. श्रेणी ए-७.

याचा अर्थ, हा श्वान पिंजऱ्यातून उशिरा निघाला, ट्रॅकच्या बाहेरच्या कडेने धावला, एका वळणावर गर्दीत अडकला आणि शेवटी जोर लावून पाचव्या स्थानावरून दुसऱ्यावर आला. श्वानाच्या एका ‘लांबी’साठी ०.०८ सेकंद धरले जातात. त्यामुळे पाऊण लांबी म्हणजे ०.०६ सेकंद आणि त्याची स्वतःची वेळ २९.८७ सेकंद. सरासरी वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर, तोही थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात करून. सहावा ट्रॅप मिळाला तो त्याच्या बाहेरच्या कडेने धावण्याच्या सवयीमुळे. आतल्या कठड्याला चिकटून धावणाऱ्यांना कमी आकड्याचे ट्रॅप दिले जातात.

दत्तक घेणाऱ्याला यातील सर्वांत उपयोगाचा आकडा म्हणजे वजन. ब्रिटनमध्ये प्रत्येक शर्यतीआधी वजन घेतले जाते. मागच्या शर्यतीपेक्षा एका किलोहून अधिक फरक पडला तर श्वानाला पळू दिले जात नाही. त्यामुळे श्वानाच्या तारुण्यातील वजनाचा इतका काटेकोर तक्ता दुसऱ्या कोणत्याही पाळीव कुत्र्याचा मिळत नाही. निवृत्तीनंतर त्यात एक-दोन किलोची भर चालते. त्यापुढे गेले तर सांध्यांवर भार येतो. फासळ्या दिसतात म्हणून जास्त खायला घालण्याचा मोह नव्या मालकांना होतो. तेव्हा हा आकडा कामी येतो.

दोन शर्यतींमधील मोठा खंडही बोलका असतो. मादी माजावर आली की तिला सुमारे दहा आठवडे शर्यतीपासून दूर ठेवले जाते. त्या तारखा रेसकार्डवर छापल्या जातात. अशी तारीख नसेल आणि तरी तीन-चार महिन्यांचा खंड असेल, तर दुखापतीची शक्यता विचारात घ्यावी लागते. खंडानंतर श्वान परतला, पण दोन-तीन श्रेणी खाली घसरला, तर ती शक्यता आणखी वाढते.

दुखापत कुठे होते?

सतत डावीकडे वळण्याचा परिणाम हाडांवर होतो. वळणावर शरीराचा भार उजव्या मागच्या पायावर येतो. त्यामुळे उजव्या मागच्या घोट्यातील हाड मोडणे ही या खेळाची ओळखीची दुखापत आहे. सरावाने त्या घोट्यातील हाडांची घनता डाव्या बाजूपेक्षा वेगळी होते, असे पशुवैद्यकांना आढळले आहे. वळणावरची टक्कर हे दुसरे मोठे कारण.

ब्रिटिश नियामक संस्थेने २०१८ पासूनची आकडेवारी प्रसिद्ध केली आहे. २०२३ मध्ये परवानाधारक ट्रॅकवर ४,२३८ दुखापती नोंदल्या गेल्या आणि १०९ श्वान ट्रॅकवर दगावले. एकूण धावांच्या तुलनेत हे प्रमाण अल्प आहे, असे संस्था सांगते. केवळ करमणूक आणि सट्ट्यासाठी एवढी किंमत का मोजायची, असा प्राणिप्रेमी संस्थांचा प्रश्न आहे.

जुनी दुखापत माहीत असणे पुढे महत्त्वाचे ठरते. ग्रेहाउंडमध्ये हाडांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर अनेक जातींपेक्षा अधिक आहे. तो बहुधा लंगडण्यातूनच प्रथम लक्षात येतो. आठ वर्षांचा श्वान लंगडू लागला, तर ‘शर्यतीतला जुना मार असेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे. ज्या पायाला मार बसल्याची माहिती आहे तोच पाय आहे का, हे पाहून वेळीच क्ष-किरण तपासणी करणे श्रेयस्कर.

शेवटच्या ओळीनंतर काय होत असे?

विजेत्यांच्या आठवणी नीट जपल्या गेल्या. आयर्लंडच्या ऑफली परगण्यातील किली गावचा ‘मिक द मिलर’ १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला श्वान. त्याच्यावर गर्दी एवढी लोटे, की १९३४ च्या ‘वाइल्ड बॉय’ या चित्रपटातही तो झळकला. १९३९ मध्ये तो गेला, तेव्हा त्याचे शरीर पेंढा भरून जतन करण्यात आले. ते आजही ट्रिंग येथील नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. सलग ३२ शर्यती जिंकून १९८६ मध्ये विक्रम करणारा ‘बॅलीरेगन बॉब’ही याच संग्रहालयात आहे.

सामान्य श्वानाच्या नोंदीत मात्र शेवटच्या शर्यतीनंतर काहीच नसे. २००६ मध्ये ‘संडे टाइम्स’ने इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील सीहॅम येथील प्रकार उघड केला. तिथे एक व्यक्ती थोडे पैसे घेऊन नकोशी झालेली ग्रेहाउंड मारून जमिनीत पुरत होती. पंधरा वर्षांत दहा हजारांवर श्वान अशा रीतीने मारले गेल्याचे त्या वृत्तात म्हटले होते. त्यांपैकी अनेकांची प्रत्येक धाव कुठे ना कुठे नोंदलेली होती. ते कुठे गेले, एवढेच कुणी लिहून ठेवले नव्हते.

ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘एबीसी’च्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमाने सरावासाठी जिवंत प्राण्यांचा आमिष म्हणून वापर होत असल्याचे दाखवले. त्यानंतर न्यू साउथ वेल्समध्ये माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या आधीच्या बारा वर्षांत राज्यात ४८,८९१ ते ६८,४४८ ग्रेहाउंड केवळ पुरेसे वेगवान नाहीत म्हणून मारले गेले असावेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. दोन आकड्यांमधील हे अंतरच नोंदी किती ढिसाळ होत्या ते सांगते. राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि विरोधापुढे नमून ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली. आयर्लंडमध्येही जून २०१९ मध्ये ‘आरटीई’ वाहिनीने एक अहवाल उघड केला. दर वर्षी सुमारे सहा हजार श्वान वेग कमी पडल्यामुळे मारले जात असल्याचा अंदाज त्यात होता.

चित्र कशामुळे बदलले?

निवृत्त श्वानांना घरे मिळवून देणाऱ्या स्वयंसेवी संस्था ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात शर्यत उद्योगाने १९९६ मध्ये ‘ग्रेहाउंड्स ॲज पेट्स’ हा कार्यक्रम सुरू केला. हे प्रयत्न बराच काळ देणग्यांवर आणि सद्भावनेवर चालले. बदल झाला तो श्वान कुठे गेला याचा हिशेब मालकाकडे मागितला जाऊ लागल्यावर.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२० पासून निवृत्ती योजना लागू झाली. श्वानाची शर्यतीसाठी नोंदणी करतानाच ठेव भरावी लागते. सुरुवातीला ती ४०० पौंड होती, निम्मी मालकाची आणि निम्मी नियामक संस्थेची. श्वान मान्यताप्राप्त संस्थेकडे गेला की ही रक्कम त्या संस्थेला मिळते. आयर्लंडने २०१९ च्या कायद्याने श्वानाचा जन्मापासूनचा माग ठेवण्याची व्यवस्था आणली.

ब्रिटिश नियामक संस्थेच्या माहितीनुसार, २०१८ मध्ये शर्यत सोडलेल्या श्वानांपैकी ८८ टक्के श्वानांची नीट सोय झाली होती. २०२३ मध्ये हे प्रमाण ९४ टक्क्यांवर गेले. उपचाराचा खर्च परवडत नाही म्हणून दयामरण दिलेल्या श्वानांची संख्या याच काळात १७५ वरून ३ वर आली. सुधारणा झाल्या म्हणून खेळ चालू ठेवावा, असा याचा अर्थ प्राणी संस्था लावत नाहीत. ‘आरएसपीसीए’, ‘डॉग्ज ट्रस्ट’ आणि ‘ब्लू क्रॉस’ या तीन मोठ्या संस्थांनी सप्टेंबर २०२२ मध्ये एकत्र येऊन पाच वर्षांत शर्यती बंद करण्याची मागणी केली.

घरात आल्यावर अडचणी कोणत्या?

शंभर शर्यती धावलेला श्वान अनुभवी मानला जातो. प्रत्येकी तीस सेकंद धरले, तर त्याची संपूर्ण कारकीर्द भरते जेमतेम पन्नास मिनिटांची. नोंदवहीत आहेत ती ही पन्नास मिनिटे. उरलेली वर्षे श्वानगृहात, ठरलेल्या वेळी खाणे, ठरलेल्या वेळी बाहेर सोडणे आणि बाकी वेळ आडवे पडणे, यात गेलेली असतात. घरात येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा या न नोंदलेल्या वर्षांत असते.

त्याने जिना पाहिलेला नसतो. पायऱ्यांपुढे तीस किलोचा श्वान थिजून उभा राहतो आणि त्याचा एकेक पाय उचलून पुढे ठेवावा लागतो. काचेचे दार त्याला कळत नाही. म्हणून सुरुवातीला काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. मिक्सर, दूरचित्रवाणी, आरसा, सारेच नवे. सर्वांत अवघड असते ते एकटेपण. श्वानगृहात आजूबाजूला कायम दुसरे श्वान असतात. त्यामुळे घरात एकटे राहण्याची सवय दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे अशी हळूहळू लावावी लागते.

झोपेत कुणी अचानक हात लावला तर काही ग्रेहाउंड दचकून गुरगुरतात. आजवर झोपेत त्यांच्या अंगाला अंग लागलेले नसते. लहान मुलांच्या घरात म्हणूनच ‘आधी हाक, मग हात’ हा नियम सांगितला जातो. श्वानाच्या अंथरुणाची जागाही केवळ त्याची ठेवली जाते.

वेगवान श्वान म्हणजे दिवसभर पळवावे लागणार, हा समज मात्र खोटा ठरतो. ग्रेहाउंड थोडे अंतर जीव तोडून धावतो आणि मग झोपतो. दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटे फिरवणे बहुतेकांना पुरते. पण बांधल्याशिवाय मोकळ्या जागेत सोडणे धोक्याचे. काही तरी पळताना दिसले की काही सेकंदांत तो हाकेच्या पलीकडे जातो. मानेपेक्षा डोके अरुंद असल्याने साधा गळपट्टा निसटतो. त्यामुळे ओढल्यावर थोडा आवळला जाणारा रुंद पट्टा वापरतात.

दात हा आणखी एक विषय. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील ५,४१९ ग्रेहाउंडच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ३९ टक्के श्वानांना दातांचे विकार असल्याचे आढळले. दातांच्या सफाईसाठी भूल द्यावी लागते आणि तिथे वेगळाच धोका असतो. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी फार कमी असते आणि बार्बिट्युरेट गटातील काही भूल-औषधे त्यांचे शरीर सावकाश निकामी करते. रक्तातील लाल पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडची पातळी कमी असणे, हे त्यांच्यात नैसर्गिक आहे. हे माहीत नसलेला डॉक्टर निरोगी श्वानाला आजारी ठरवू शकतो. अंगावर केस आणि चरबी कमी असल्यामुळे थंड देशांत हिवाळ्यात त्यांना कोट घालावा लागतो.

शर्यती बंद झाल्या की प्रश्न सुटतो का?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये ६९ टक्के मतदारांनी शर्यतींवर बंदीच्या बाजूने कौल दिला. तेव्हा देशातील १७ ट्रॅकपैकी ११ या एकाच राज्यात होते. अंमलबजावणीसाठी २०२० अखेरपर्यंतचा वेळ मिळाला आणि श्वान टप्प्याटप्प्याने दत्तक संस्थांकडे गेले. आता अमेरिकेत शर्यती वेस्ट व्हर्जिनियातील दोन ट्रॅकपुरत्या उरल्या आहेत. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना तिथे प्रतीक्षा करावी लागते आणि काही संस्था आयर्लंड व ऑस्ट्रेलियातून निवृत्त श्वान आणतात.

मकावमध्ये नेमके उलटे घडले. तेथील ‘कॅनिड्रोम’ हा ट्रॅक जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा पाचशेहून अधिक श्वान मागे राहिले. एवढ्याशा शहरात त्यांना घरे मिळणे शक्य नव्हते. स्थानिक प्राणी संस्थेने परदेशांतील संस्थांच्या मदतीने त्यांना युरोप आणि अमेरिकेसह अनेक ठिकाणी पाठवले. ते काम अनेक महिने चालले.

वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. ऑस्ट्रेलियातील टास्मानियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २०२९ पर्यंत शर्यती बंद करण्याची घोषणा केली. मुदत जितकी लांब, तितके अधिक श्वान त्या काळात धावणार आणि जायबंदी होणार, हा एक पक्ष. मुदत जितकी जवळ, तितकी घरांची टंचाई मोठी, हा दुसरा. नव्या पैदाशीला आधी आळा घातला, तर दोन्ही अडचणी कमी होतात. कारण आज जन्मलेले पिल्लू किमान पंधरा महिन्यांनी धावणार आणि तीन-चार वर्षांनी घर मागणार. त्याने शर्यत जिंकली की हरली, याने त्या मागणीत फरक पडत नाही.

ब्रिटनमध्ये श्वान शर्यतीतून बाहेर पडला, की मालकाला निवृत्तीचा एक अर्ज भरून द्यावा लागतो. त्याच्या रंगावरून तो ‘ग्रीन फॉर्म’ म्हणून ओळखला जातो. श्वान स्वतःकडे ठेवला, कुणाला दिला की संस्थेकडे सोपवला, हे त्यात लिहायचे असते. सीहॅमला पुरलेल्या श्वानांच्या नोंदींत वेळ होती, वजन होते, ट्रॅपचा आकडा होता. त्या पुढची एवढी एक ओळ नव्हती.